शाळेतील हिंसा थांबवण्याचे उपाय ठरवताना आठवी ते दहावीच्या मुलांना विचारायला हवे

रानजाई (धागाकर्ती)

बदलापूरच्या घटनेनंतर ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य शासनाने सीसीटीव्ही, तक्रारपेटी, कर्मचाऱ्यांची पडताळणी आणि विद्यार्थी सुरक्षा समिती यांबाबत शाळांना सक्त आदेश दिले. त्यांची गरज होतीच. मोठ्या माणसांकडून मुलांवर होणारा अत्याचार रोखणे ही सर्वस्वी मोठ्यांची जबाबदारी आहे आणि ती मुलांच्या गळ्यात घालण्याचा विचारही कोणी करू नये. मात्र माध्यमिक शाळेत दररोज घडणारी हिंसा बहुतांशी मुलांनीच मुलांवर केलेली असते. डबा हिसकावणे, दप्तर स्वच्छतागृहात फेकणे, रंगावरून, जातीवरून किंवा बोलण्याच्या लकबीवरून पाडलेले नाव वर्षभर लावून धरणे, शाळा सुटल्यावर गाठून मारणे आणि त्या मारहाणीचा व्हिडिओ रात्री ग्रुपवर फिरवणे, हे सारे त्यात येते. युनिसेफच्या २०१८ च्या अहवालानुसार जगातील १३ ते १५ वयोगटातील जवळपास निम्म्या विद्यार्थ्यांनी, म्हणजे सुमारे १५ कोटी मुलामुलींनी, शाळेत किंवा शाळेच्या परिसरात बरोबरीच्या मुलांकडून छळ किंवा मारामारी अनुभवली आहे. तरीही या हिंसेवरचे उपाय आपल्याकडे मुख्याध्यापकांच्या खोलीत ठरतात आणि परिपाठाच्या वेळी सूचना म्हणून वाचून दाखवले जातात.

मी माध्यमिक शाळांमध्ये समुपदेशनाचे काम करते. नव्या शाळेत गेल्यावर आठवी-नववीच्या वर्गात मी एक साधी गोष्ट करून घेते. प्रत्येकाने कागदावर शाळेचा कच्चा नकाशा काढायचा, जिथे भीती वाटते तिथे लाल ठिपका द्यायचा आणि त्याच्या शेजारी वेळ लिहायची. स्वतःचे किंवा दुसऱ्या कोणाचे नाव लिहायचे नाही. दोन पाळ्यांत भरणाऱ्या एका शाळेत शिक्षकांची खात्री होती की, भांडणे मैदानावर होतात. मुलांच्या कागदांवर मैदान जवळजवळ कोरेच राहिले. ठिपक्यांची गर्दी झाली होती ती फाटकाजवळ, सकाळची पाळी सुटून दुपारची भरते त्या वेळी; कारण दहावीची मुले बाहेर पडत असतानाच सहावी-सातवीची मुले आत शिरत होती. दुसरी दाट जागा पाण्याच्या टाकीमागची होती. मुलींच्या कागदांवर तिसरीच जागा दिसली, ती म्हणजे दुसऱ्या मजल्याकडे जाणारा अरुंद जिना, जिथे काही मुले मुद्दाम वाट अडवून उभी राहत. कॅमेरा होता तो मुख्य व्हरांड्यात, कार्यालयासमोर.

अमेरिकेत रॉन अॅस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच पद्धत वापरून माध्यमिक शाळांचा अभ्यास केला होता आणि तो १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. हिंसक प्रसंग घडत होते ते मार्गिका, उपाहारगृह आणि वाहनतळ अशा ठिकाणी, म्हणजे जिथे लक्ष ठेवणे हे आपले काम आहे असे कोणत्याही शिक्षकाला वाटत नव्हते. मुलांना या जागा तोंडपाठ असतात, कारण त्या चुकवण्यासाठी ती रोज आपला रस्ता बदलत असतात.

मला इथल्या सभासदांकडून दोन गोष्टींवर मते हवी आहेत. पहिली म्हणजे, किशोरवयीन मुलांना या कामात घ्यायचे तर नेमके कोणत्या टप्प्यावर: फक्त माहिती देण्यासाठी की उपाय ठरवण्यासाठीसुद्धा? दुसरी म्हणजे, कोणत्या मुलांना घ्यायचे? माझे स्वतःचे मत असे आहे की, ज्यांनी प्रश्न सांगितला त्यांना उपायाच्या चर्चेतून बाहेर ठेवणे योग्य नाही. वर सांगितलेल्या शाळेत दोन पाळ्यांच्या घंटांमध्ये दहा मिनिटांचे अंतर ठेवावे आणि सुटणाऱ्या मुलांनी मागच्या फाटकाने जावे, ही सूचना नववीच्या मुलींनी केली होती. शाळेने ती मानली आणि फाटकाजवळचा त्रास लक्षात येण्याइतका कमी झाला.

कृष्णाकाठ

रानजाईताई, विषय काढलात हे चांगले केलेत. मी मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो आहे, त्यामुळे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल अनुभवाने बोलतो.

विद्यार्थ्यांची समिती करा असे परिपत्रक आले की आम्ही काय करतो? वर्गशिक्षक दोन नावे देतात. त्यातला एक पहिल्या तीन क्रमांकांतला असतो आणि दुसरा वक्तृत्व स्पर्धेत बोलणारा. दोघेही गुणी असतात, पण शेवटच्या बाकावर काय चालले आहे याची त्यांना पुष्कळदा कल्पना नसते, आणि शेवटच्या बाकावरची मुले त्यांचे ऐकतही नाहीत. त्यातही वर्गाच्या मॉनिटरला आपण बोलणाऱ्यांची नावे फळ्यावर लिहायला लावलेली असतात. त्याच मुलाला पुढे समितीवर घेतले, तर बाकीच्या वर्गाला तो सरांचा माणूस वाटतो आणि त्याच्यासमोर कोणीही तोंड उघडत नाही.

तक्रारपेटीचेही तसेच होते. ती शिक्षक कक्षाच्या दाराशी टांगलेली असते. तिथे चिठ्ठी टाकताना चार जण पाहतात, आणि चुगली केली म्हणून दुसऱ्या दिवशी त्याच मुलाला आणखी मार बसतो. काही महिने पेटी रिकामी निघाली की शाळेत त्रास नाही असा अर्थ काढून अहवाल पाठवला जातो. पेटी कुठे लावावी, ती कोणी आणि कधी उघडावी, एवढा एक निर्णय जरी मुलांवर सोपवला असता, तरी तिचा खरा उपयोग झाला असता असे मला आज वाटते.

पैलतीर

मी गेली अनेक वर्षे न्यू जर्सीत राहतो आणि माझी मुले इथल्याच सरकारी शाळांत शिकली. कृष्णाकाठ सरांनी मांडलेल्या मुद्द्यावर इथल्या शाळांमध्ये मोठा प्रयोग झालेला आहे, म्हणून तो जरा सविस्तर सांगतो.

२०१२-१३ च्या शालेय वर्षात एलिझाबेथ लेव्ही पॅलक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी राज्यातील ५६ माध्यमिक शाळा घेतल्या. त्यांतल्या निम्म्या शाळा चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे यदृच्छेने निवडून तिथे कार्यक्रम राबवला आणि उरलेल्या तुलनेसाठी ठेवल्या. सुरुवातीला प्रत्येक विद्यार्थ्याला एकच गोष्ट विचारली: गेल्या काही आठवड्यांत तू कोणाकोणाबरोबर वेळ घालवायचे ठरवलेस, अशी दहा नावे सांग. त्या उत्तरांवरून शाळेतील ओळखीपाळखीचे जाळे तयार झाले आणि कोणाकडे सगळ्यांचे लक्ष असते ते दिसून आले. कार्यक्रमासाठी मुलांचा लहान गट निवडला तोही यदृच्छेने, त्यामुळे त्यात अभ्यासू, खेळाडू, शांत आणि भांडकुदळ अशी सर्व प्रकारची मुले आली. या मुलांना कोणी तयार भाषण दिले नाही. आपल्या शाळेत कोणती भांडणे वारंवार होतात ते त्यांनीच ठरवले, त्यांविरुद्धची घोषवाक्ये आणि फलक त्यांनीच केले, आणि कोणी भांडण सोडवले किंवा एकट्या पडलेल्याला सोबत घेतले की त्याच्या मनगटावर ते नारिंगी पट्टा बांधत असत.

वर्षअखेरीस, कार्यक्रम झालेल्या शाळांमध्ये शिस्तभंगाच्या नोंदींत आलेले विद्यार्थ्यांमधील संघर्ष सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळले. गटात ज्यांच्याकडे इतरांचे लक्ष असते अशी मुले जास्त होती, तिथे परिणाम अधिक होता. ही मुले नेहमीच आदर्श विद्यार्थी होती असे मुळीच नाही, आणि मला तीच बाब सर्वांत महत्त्वाची वाटते. ज्या मुलाला आपण वर्गाबाहेर उभे करतो, त्याच्याकडे वर्ग पाहत असतो. पुढे याच पद्धतीवर युनिसेफने इंडोनेशियात कार्यक्रम सुरू केला.

अमेरिकेबद्दल लिहितो आहे म्हणून आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. शाळांमधील गोळीबाराचा इथल्या सीक्रेट सर्व्हिसने, म्हणजे राष्ट्राध्यक्षांच्या सुरक्षेची जबाबदारी असलेल्या यंत्रणेने, शिक्षण खात्याबरोबर केलेला अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. १९७४ ते २००० या काळातील ३७ घटना त्यात तपासल्या होत्या. त्यांपैकी ८१ टक्के घटनांत हल्लेखोराचा बेत आधीपासून किमान एका व्यक्तीला माहीत होता, आणि ज्यांना माहीत होते ते बहुतेक सारे मित्र, वर्गमित्र किंवा भावंडे होती. आपल्याकडची परिस्थिती निराळी आहे याची मला जाणीव आहे. पण मुलांना आधी कळते आणि ती मोठ्यांना सांगत नाहीत, हा भाग कोणत्याही देशात सारखाच असावा.

ओवी_नाशिक

सर्वांचे म्हणणे वाचले. माझा विरोध नाही, पण मला गंभीर शंका आहे आणि ती आई म्हणून आहे.

माझा मुलगा सातवीत असताना त्याला वर्गातील तीन मुले सतत मारत असत. शाळेने यावर उपाय म्हणून काय केले, तर त्याला आणि त्या तिघांना समोरासमोर उभे करून, वर्गातील दोन विद्यार्थी प्रतिनिधींच्या साक्षीने, हात मिळवायला लावले. मुलांचे प्रश्न मुलांनीच सोडवले याचे शाळेला कौतुक वाटले. माझ्या मुलाने त्यानंतर घरी काहीही सांगणे बंद केले, कारण ज्यांनी मारले त्यांना आपण तक्रार केली हे आता अधिकृतपणे समजले होते. शेवटी आम्ही त्याचा दाखला काढला.

मारामारीत दोघांची ताकद सारखी असेल तर मध्यस्थी उपयोगी पडते. एकाचा दिवसेंदिवस छळ चाललेला असेल तेव्हा त्याला तडजोडीला बसवणे हा त्याच्यावर पुन्हा एकदा केलेला अन्याय आहे. तोफी आणि फॅरिंग्टन यांनी जगभरातील शाळांमधील छळविरोधी कार्यक्रमांचा एकत्रित आढावा २०११ मध्ये प्रसिद्ध केला होता. असे कार्यक्रम सरासरीने छळ सुमारे २० टक्क्यांनी कमी करतात, हे त्यात दिसले. पण ज्या कार्यक्रमांत सोबतच्या मुलांकडून मध्यस्थी किंवा मार्गदर्शन करून घेतले होते, तिथे छळ सोसणाऱ्यांचे प्रमाण उलट वाढलेले आढळले. तेव्हा मुलांना सहभागी करून घ्यायचे म्हणजे नेमके कोणते काम द्यायचे, हे आधी ठरवल्याशिवाय कृपया कोणी उत्साहाने पुढे जाऊ नये.

रानजाई

ओवीताई, तुम्ही लिहिले ते वाचून फार वाईट वाटले. तुमची शंका या धाग्याच्या मुळाशी जाणारी आहे.

नकाशा काढणे, वेळापत्रक बदलायला सुचवणे, पेटीची जागा ठरवणे, आपल्या शाळेत काय खपवून घेतले जाणार नाही ते आपल्या शब्दांत लिहिणे, ही सर्व कामे शाळेच्या व्यवस्थेविषयीची आहेत. अमुक मुलाने तमुक मुलाला मारले याचा निवाडा करणे हे काम पूर्णपणे वेगळे आहे आणि ते मुलांकडे कधीच देता कामा नये. चौकशी, पालकांना बोलावणे, पीडित मुलाचे संरक्षण आणि पुन्हा पुन्हा विचारपूस या गोष्टी प्रशिक्षित मोठ्या माणसांनीच केल्या पाहिजेत. पैलतीर यांनी सांगितलेल्या प्रयोगातील मुलेही न्यायाधीश नव्हती; शाळेत काय चालते आणि काय चालत नाही याविषयीचे सर्वांचे मत ती बदलत होती.

फिनलंडमधील तुर्कू विद्यापीठात क्रिस्टिना साल्मिवाल्ली यांनी जे संशोधन केले त्याचा रोखही हाच आहे. छळाच्या प्रसंगी छळणारा आणि सोसणारा असे दोघेच नसतात. हसून साथ देणारे, व्हिडिओ काढणारे आणि पाहून निघून जाणारे यांच्यावर तो प्रसंग टिकून असतो. त्यांच्या ‘किवा’ या छळविरोधी शालेय कार्यक्रमात बघ्यांना बदलण्यावर भर आहे, आणि प्रत्यक्ष प्रकरणे मात्र शाळेतील मोठ्यांचा नेमलेला गट हाताळतो. हा फरक पाळला तर ओवीताईंच्या मुलावर आली तशी वेळ इतरांवर येणार नाही.

मांडवीतीर

मी गोव्याचा आहे. आमच्याकडील ‘संगाथ’ या संस्थेने केलेल्या कामाचा उल्लेख इथे व्हायला हवा, कारण ते भारतातील साध्या सरकारी शाळांमध्ये झालेले आहे.

बिहारच्या नालंदा जिल्ह्यातील ७४ सरकारी माध्यमिक शाळांमध्ये ‘सेहर’ नावाचा कार्यक्रम तपासला गेला आणि त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. काही शाळांत हे काम प्रशिक्षण दिलेल्या, पण व्यावसायिक मानसोपचारतज्ज्ञ नसलेल्या समुपदेशकाकडे होते आणि काहींत शाळेतीलच एका शिक्षकाकडे. भित्तिपत्रक, मन मोकळे करण्यासाठी पेटी, विद्यार्थ्यांचे गट, स्पर्धा आणि ज्याला हवे त्याला एकांतात समुपदेशन असे त्याचे स्वरूप होते. समुपदेशक असलेल्या शाळांत वर्षभरात शाळेतील वातावरण स्पष्टपणे सुधारले आणि छळ, हिंसा आणि नैराश्य कमी झाले. तेच काम जिथे शिक्षकाने केले, तिथे असा परिणाम आढळला नाही.

शिक्षकांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. अध्यापन, परीक्षा आणि निवडणुकीची कामे सांभाळणाऱ्या माणसावर आणखी एक ओझे टाकले की ते कागदावरच राहते. शिवाय जो माणूस गुण देतो आणि शिक्षा करतो, त्याच्याजवळ चौदा वर्षांचा मुलगा मन कसे मोकळे करील? विद्यार्थ्यांचा सहभाग हवा असेल, तर त्यांच्यासाठी पगारी आणि निवांत वेळ असलेला एक माणूस शाळेत हवा. हा खर्च टाळून केवळ मुलांच्या समित्या स्थापन करणे म्हणजे मुलांकडून फुकट काम करून घेणे आहे.

अधिवक्ता_सातारा

कायद्याच्या बाजूने थोडक्यात. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेच्या १२ व्या कलमाने मुलाला स्वतःशी संबंधित बाबींवर मत मांडण्याचा आणि त्या मताची दखल घेतली जाण्याचा हक्क दिला आहे; भारताने ती संहिता १९९२ मध्ये स्वीकारली. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना मनाई केली आहे. हे कलम शिक्षकांच्या वर्तनाबद्दल आहे, तरी इथे ते महत्त्वाचे ठरते, कारण ज्या शाळेत छडी चालते तिथे मुलांना हिंसा करू नका असे सांगणे व्यर्थ आहे. त्याच कायद्याखाली शाळा व्यवस्थापन समिती असते आणि आपल्या राज्यात तिच्यात विद्यार्थ्यांनाही जागा ठेवली आहे. बहुतेक ठिकाणी ही जागा केवळ इतिवृत्तातील सहीपुरती वापरली जाते.

अडचण अशी आहे की, हा कायदा आठवीपर्यंतच लागू आहे. नववी-दहावीची मुले, ज्यांच्याबद्दल आपण मुख्यतः बोलत आहोत, ती त्याच्या कक्षेबाहेर राहतात. त्यामुळे माध्यमिक शाळांनी स्वतःहून नियम केले पाहिजेत. तातडीच्या प्रसंगी १०९८ ही मुलांसाठीची मदतवाहिनी आहे. तो क्रमांक प्रत्येक वर्गात लावलेला असावा.

पारवा

मी यंदा अकरावीत आहे. या धाग्यावर सर्व मोठी माणसे बोलत आहेत, म्हणून विचार करून लिहितो आहे.

आमच्या शाळेत दहावीत असताना एकदा सर्वेक्षण झाले होते. आम्ही खरे लिहिले. कोणत्या तासानंतर वर्गात कोणी नसते आणि तेव्हा काय होते, हेही लिहिले. त्यानंतर काहीही झाले नाही आणि काही का झाले नाही हेही कोणी सांगितले नाही. पुढच्या वेळी कागद आले तेव्हा सर्वांनी ‘सर्व ठीक’ लिहून दिले. आम्ही सुचवलेले प्रत्येक वेळी मान्य व्हावे असे आम्हाला वाटत नाही. शक्य नसेल तर का शक्य नाही, हे वर्गात येऊन सांगितले तरी पुरते.

दुसरे असे की, सगळ्यात जास्त त्रास एक तास संपून पुढच्या तासाचे सर येईपर्यंतच्या पाच मिनिटांत होतो. हे सगळ्यांना माहीत असते. आणि आता भांडण वर्गात सुरू होत नाही. ते आदल्या रात्री इन्स्टाग्रामवर सुरू होते आणि सकाळी वर्गात फक्त मारामारी होते. आम्हाला ते रात्रीच कळलेले असते. पण सांगितले तर सर पहिल्यांदा विचारतात की, तू मोबाइल का वापरतोस. म्हणून कोणी सांगत नाही.

मुले गप्प राहतात ती घाबरून राहतात असे नेहमीच नसते. ज्याने त्रास दिला तो कधीकधी आमचा मित्र असतो आणि त्याला शाळेतून काढतील अशी भीती असते. त्याला न काढता थांबवायचा काही मार्ग आहे असे वाटले, तर आम्ही नक्की सांगू.

कृष्णाकाठ

पारवा, तुझे आभार. शेवटचा मुद्दा माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत मला कोणत्याही विद्यार्थ्याने इतक्या स्पष्टपणे सांगितला नव्हता. आमच्याकडे दोनच शिक्षा होत्या: पालकांना बोलावणे आणि दाखला हातात देणे. यांच्या मधले काही आमच्याकडे असते, तर मुलांनी वेळेवर सांगितले असते.

गिरणगाव

मुंबईच्या महापालिका शाळेत शिकवते. आमच्याकडे २००८ पासून ‘जेम्स’ नावाचा उपक्रम झाला होता. आयसीआरडब्ल्यू ही स्त्रीविषयक संशोधन संस्था, कोरो ही स्वयंसेवी संस्था आणि टाटा समाजविज्ञान संस्था यांनी तो मिळून सुरू केला आणि सहावी-सातवीच्या मुलामुलींबरोबर चर्चा, खेळ आणि शाळाभर मोहीम अशी त्याची रचना होती. मुलगा-मुलगी समानता आणि हिंसा यांविषयीच्या मतांत चांगला फरक पडल्याचे अभ्यासात दिसले. प्रत्यक्ष मारहाणीच्या बाबतीत मात्र चित्र तितके सरळ नव्हते. मला यात नवल वाटत नाही. ज्या मुलाने घरी आणि गल्लीत हात उगारणे हेच मर्दपण म्हणून पाहिले आहे, त्याचे मत आधी बदलते आणि हात मागाहून थांबतो. म्हणून या कामाला दोन-तीन वर्षे द्यावी लागतात आणि मुलींचे म्हणणे वेगळ्या गटात ऐकावे लागते. मुलांसमोर मुली जिन्याबद्दल बोलत नाहीत.

रानजाई

सर्वांच्या मतांवरून मी येत्या जूनसाठी जिथे काम करणार आहे त्या शाळेपुढे पुढील प्रस्ताव ठेवणार आहे. नकाशे पहिल्या महिन्यातच काढून घ्यायचे, मुलींचे वेगळे. मुलांचा गट शिक्षकांनी निवडायचा नाही. प्रत्येक वर्गाने गुप्तपणे नावे द्यायची आणि ज्याच्याविरुद्ध पूर्वी तक्रार झाली आहे त्याला केवळ त्या कारणासाठी वगळायचे नाही. मात्र ज्याच्याकडून सध्या कोणाला त्रास होत असल्याची नोंद आहे, त्याचा आणि पीडित मुलाचा एकाच गटात समावेश होणार नाही याची मी स्वतः खात्री करीन. ही ओवीताईंची अट आहे आणि ती माझीही आहे. गटाच्या प्रत्येक सूचनेला मुख्याध्यापकांनी पंधरा दिवसांच्या आत वर्गात येऊन उत्तर द्यायचे, नकार असला तरी कारणासह. मोबाइलवर सुरू झालेल्या भांडणाची माहिती देणाऱ्याला मोबाइल वापरल्याबद्दल विचारायचे नाही, हे लेखी नियमातच घालून घेणार आहे.

पारवाने सांगितलेल्या पाच मिनिटांवर अजून पटणारा उपाय सुचलेला नाही. शिक्षकांनी पुढचा शिक्षक येईपर्यंत वर्ग सोडू नये म्हटले, तर त्यांचा पुढचा वर्ग तितका वेळ रिकामा राहतो. ज्यांच्या शाळेत याची काही व्यवस्था बसली आहे, त्यांनी वेळापत्रकासह इथे लिहावे.

कृष्णाकाठ

ताई, आमच्याकडे जोडतास करून पाहिले होते. गणित, विज्ञान आणि भाषा यांचे दोन-दोन तास सलग ठेवले की दिवसभरातील तास बदलण्याच्या वेळा जवळपास निम्म्यावर येतात. खेळ आणि चित्रकला शिक्षकांची सोय सांभाळावी लागते, पण ते जमते. जुने वेळापत्रक शोधून उद्या इथे टाकतो.